पाच माणसं, चार ओळी

सकाळी सव्वासहाला आण्णांचा फोन. आण्णा म्हणजे आमच्या गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, आणि एवढ्या सकाळी ते फोन करतात तेव्हा काहीतरी अडलेलं असतं हे मला घरात कुणी सांगायला लागत नाही. "बाळ, तुझं मशीन काय दाखवालंय बघ की जरा. एकूण उत्पादक दोन म्हणतंय. हितं रस्त्यापतोर लाईन लागलीया आणि ह्ये म्हणतंय दोन!"

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, गाव शिवाजी पुलाच्या पलीकडं. गाडी काढली आणि निघालो. ही 2018 सालची गोष्ट. संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी लिहून दिलेलं, आधी सगळं वहीवर चालायचं, मग कॉम्प्युटर आला. आदल्याच रात्री मी त्यात एक नवीन भाग टाकला होता, प्रत्येक सभासदाच्या त्या वेळच्या नोंदी किती आणि वर ठळक अक्षरात एकूण उत्पादक किती. पुलावर पोचेपर्यंत चूक डोक्यात आली होती. पण ती चूक सरळ करायला अर्धा तास लागला आणि ती नीट समजायला पुढचं वर्ष गेलं, म्हणून आज हे लिहायला बसलोय.

ज्यांना दूध संस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सकाळ-संध्याकाळ माणसं किटली घेऊन येतात, माप होतं, टेस्टर नमुना घेऊन फॅट बघतो, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला उरलेला घन भाग, बघतो, सभासदाचा कोड नंबर विचारतात, नोंद पडते, पावती निघते. म्हशीचं 6 फॅट 9 एसएनएफ आणि गाईचं 3.5 आणि 8.5 हा दराचा पाया, त्याच्या वर-खाली गेलं की पैसे वर-खाली. दहा दिवसाला बिल. एकाच घरात म्हैस पण असते आणि गाय पण असते, दोन्हीचं दूध वेगवेगळं मापायचं, म्हणजे एका माणसाच्या एका वेळेला दोन नोंदी. डेटाबेसमध्ये ही प्रत्येक नोंद म्हणजे एक ओळ.

आता मी काय केलं होतं. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिली होती, कोडप्रमाणे ग्रुप बाय कर, म्हणजे गट पाड, आणि काउंट स्टार, म्हणजे ओळींची मोजणी, दे. मला मनात वाटलेलं की ग्रुप केलं म्हणजे माणसं वेगळी झाली, त्यांचा काउंट घेतला म्हणजे माणसं किती ते आलं. तसं होत नाही. ग्रुप बाय लावला की काउंट हा प्रत्येक गटाच्या आत जाऊन मोजतो. गट किती पडले हे तो सांगतच नाही, गटात ओळी किती हे सांगतो, आणि तेही प्रत्येक गटाला वेगळं. म्हणजे त्या सकाळी डेटाबेसनं मला जवळजवळ दोनशे ओळी पाठवल्या होत्या, प्रत्येकीत एक आकडा, आणि माझ्या प्रोग्रॅमनं पहिल्या ओळीतला आकडा उचलून एकूण म्हणून वर चिकटवला. पहिली ओळ कोड 12 ची. त्यांनी त्या दिवशी म्हैस आणि गाय दोन्हीचं दूध घातलेलं. म्हणून 2. क्वेरी शब्दशः बरोबर होती, उत्तर पण बरोबर होतं, फक्त मी विचारलेला प्रश्न तो नव्हता.

उपाय सोपा आहे आणि डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी लागतोच. ग्रुप बायची सगळी क्वेरी कंसात घालायची आणि त्या कंसाच्या बाहेरून काउंट स्टार करायचा. आधी गट पाडून एक तात्पुरती यादी तयार होऊ दे, मग त्या यादीच्या ओळी मोज. मायएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर एवढ्यावर पण अडतं, आतल्या यादीला काहीतरी नाव दिल्याशिवाय पुढं जातच नाही, सरळ एरर देतं की प्रत्येक आतल्या टेबलला स्वतःचं नाव पाहिजे. मी नाव दिलं "यादी". स्क्रीनवर आकडा 186 आला. आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं, "आता कसं!" म्हणाले आणि चहा मागवला. मला वाटलं संपलं.

दिवाळी आली. आमच्याकडं दिवाळीच्या तोंडावर दूध फरक मिळतो, वर्षभर जेवढं दूध घातलं त्याच्या हिशोबानं, आणि त्या पैशावर किती घरांची दिवाळी होते हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. त्या वर्षी संचालक मंडळानं ठरवलं की फरकाबरोबर एक स्टीलचा डबा पण द्यायचा, ज्यानं वर्षात किमान 200 दिवस दूध घातलंय त्याला. डबे किती मागवायचे? आण्णांनी मला विचारलं. मी क्वेरी लिहिली, ह्यावेळी विचार करून. कोडप्रमाणे गट, आणि हॅविंगमध्ये, म्हणजे कुठले गट ठेवायचे ते सांगतात तिथं, अट. इथं पण एक खाचखळगा आहे, अट लावताना काउंट स्टार किमान 200 असं लिहिलं तर नोंदी मोजल्या जातात, म्हणजे जो रोज सकाळ-संध्याकाळ येतो त्याचे 100 दिवसातच 200 होतात, म्हैस-गाय दोन्ही असतील तर 50 दिवसातच. दिवस मोजायचे तर वेगवेगळ्या तारखा मोजाव्या लागतात, काउंट डिस्टिंक्ट तारीख. हे सगळं केलं. बाहेरून गट मोजले. उत्तर 288.

आणि छापील यादीच्या खाली एकूण 287.

एकाचा फरक. कुणीही म्हणेल एका डब्यानं काय होतंय, एक जास्त मागवा. पण हिशोबात मला एकाचा फरक शंभराच्या फरकापेक्षा जास्त सतावतो. शंभराचा फरक म्हणजे कुठंतरी ढोबळ चूक, ती दिसते. एकाचा फरक म्हणजे सगळं बरोबर चाललंय आणि तरी कुणीतरी एक जण कुठंतरी उभा आहे जो एका दारातून दिसतो आणि दुसऱ्या दारातून दिसत नाही.

दोन क्वेऱ्या, डब्यांची आणि छापील यादीची, शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. एकीत बाहेर काउंट स्टार होतं, दुसरीत काउंट कोड. एवढाच फरक. काउंट स्टार ओळ मोजतो, ओळीत काही असो नसो. काउंट कोड फक्त अशा ओळी मोजतो जिथं कोडच्या रकान्यात काहीतरी भरलेलं आहे. म्हणजे माझ्या 288 गटात एक गट असा होता ज्याला कोडच नव्हता.

हे कसं होतं ते छोट्या प्रमाणात दाखवतो, कारण मी स्वतः कागदावर असंच मांडून समजून घेतलं. समजा एका सकाळी सातच नोंदी झाल्या. कोड 12, म्हैस 4.5 लिटर. कोड 12, गाय 7 लिटर. कोड 31, म्हैस 3. कोड 58, म्हैस 2.5. कोड 58, गाय 9. आणि दोन नोंदी बिनकोडाच्या, एक 1.5 लिटर, एक 2 लिटर, दोन वेगवेगळ्या बायका. आता विचारा किती जणांनी दूध घातलं. नुसता काउंट स्टार केला तर 7, त्या नोंदी झाल्या. काउंट डिस्टिंक्ट कोड केला तर 3, कारण तो रिकाम्या कोडाकडं, ज्याला नल म्हणतात, बघतच नाही. ग्रुप बाय करून बाहेरून ओळी मोजल्या तर 4, कारण ग्रुप बाय सगळे नल एकाच गटात कोंबतो. आणि दारात उभं राहून बघितलं तर माणसं पाच.

सात, तीन, चार. तीन क्वेऱ्या, तीन उत्तरं, तिन्ही आपापल्या जागी नियमाला धरून, आणि एकाही उत्तरात पाच नाही.

त्यात एक प्रकार असा आहे की तो बघितल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. नवीन शिकणारी पोरं गडबडीत ग्रुप बाय पण ठेवतात आणि आत काउंट डिस्टिंक्ट कोड पण लिहितात. मग उत्तर येतं 1, 1, 1 आणि बिनकोडाच्या गटासमोर 0. म्हणजे गट आहे, त्याची ओळ छापली जाते, त्यात साडेतीन लिटर दूध आहे, आणि माणसं किती तर शून्य.

मी आण्णांना विचारलं, आपल्याकडं कोड नसलेलं कोण दूध घालतं? आण्णांनी कपाटातून जुनी लाल कापडी बांधणीची वही काढली. कॉम्प्युटर आला तरी ते वहीत लिहायचं सोडत नव्हते, मला तेव्हा त्याचा थोडा रागच यायचा, डबल काम कशाला म्हणून. त्यांनी पान उघडलं. कडेला समासात, निळ्या पेनानं, "खालच्या आळीतली मावशी". त्याखाली "तालमीजवळचा, नवीन म्हस". त्याखाली "टेकावरची आक्का". अशी एकूण सहा माणसं. प्रत्येकासमोर रोजचं लिटर, फॅट, पैसे. वहीत रकाना नव्हता म्हणून आण्णांनी समास वापरला होता. माझ्या प्रोग्रॅममध्ये समास नव्हता. तिथं कोड टाकायचा किंवा मोकळा सोडायचा, आणि मोकळा सोडला की ती सहाच्या सहा माणसं एका ओळीत जाऊन बसायची.

आणि त्या ओळीनं 200 दिवसाची अट पण पार केली होती. का नाही करणार, सहा जणांचे दिवस एकमेकात मिसळले की वर्षाचा एकही दिवस रिकामा राहत नाही. कुणी 40 दिवस आलेलं, कुणी 300 दिवस, सगळ्यांचा मिळून एक गट, एक पात्र उत्पादक, एक डबा.

खालच्या आळीतल्या मावशींचं मला माहीत होतं. काका होते तेव्हा त्यांचा कोड होता, काका गेल्यावर कोड बंद केला, शेअर कुणाच्या नावावर करायचा ह्यावरून घरात मिटत नव्हतं, तोवर मावशी तशाच यायच्या. एक म्हैस. सव्वा लिटर, दीड लिटर, कधी एक. पैसे रोख न्यायच्या. मी एकदा त्यांना विचारलं, "मावशी, पावतीवर नाव नसतंय तुमचं, चालतंय काय?" तर म्हणाल्या, "नाव काय करायचंय बाबा, फॅट बरोबर पडल्याशी मतलब." त्यांच्या बाजूनं खरं होतं. पण मी प्रोग्रॅम लिहिणारा, माझ्या बाजूनं ते चालत नव्हतं.

त्या आठवड्यात मी बरंच वाचलं. रिलेशनल डेटाबेस, म्हणजे माहिती टेबलांमध्ये मांडायची, ही सगळी कल्पना एडगर कॉड यांची, आयबीएममध्ये असताना 1970 साली त्यांनी तो पेपर लिहिला. त्यावर बेतलेली भाषा डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 साली मांडली, तेव्हा तिचं नाव सीक्वेल होतं, आज तिला एसक्यूएल म्हणतात, आणि गट पाडायची सोय त्यात पहिल्यापासून होती. पण मला थांबवलं ते कॉड यांच्या नंतरच्या एका म्हणण्यानं. 1990 साली ते मांडतात की नसलेली माहिती एका प्रकारची नसते, दोन प्रकारची असते. एक, माहिती आहे पण आपल्यापर्यंत आलेली नाही. दुसरी, ती माहिती ह्या ठिकाणी लागूच होत नाही. दोन्हीसाठी वेगळ्या खुणा पाहिजेत असं त्यांचं म्हणणं होतं. एसक्यूएलनं ते घेतलं नाही, तिथं आजही एकच नल. मला वाटतं कॉड यांचं बरोबर होतं, आणि माझं मत कुठल्या तत्त्वावरून नाही तर आण्णांच्या वहीवरून झालंय. कारण माझ्या टेबलमध्ये मोकळ्या कोडाच्या ओळी दोन तऱ्हेच्या होत्या. काही मावशींच्या, ज्यांना कोडच नाही. आणि काही अशा की टेस्टर पोरगं गर्दीत कोड टाकायला विसरलं, माणूस 31 नंबरचाच. टेबलमध्ये दोन्ही सारख्याच कोऱ्या. वहीत मात्र एका ठिकाणी समासात नाव आणि दुसऱ्या ठिकाणी आण्णांनी नंतर भरलेला नंबर.

गट मोजणं म्हणजे आधी "एक" म्हणजे काय हे ठरवणं, आणि ते डेटाबेस ठरवत नाही, आपण ठरवतो, बहुतेक वेळा न कळत. ह्याचं दुसरं टोक पण बघितलंय. एका कामात जिल्ह्यातल्या गावांची यादी आली होती, तालुक्याप्रमाणे गट पाडून बाहेरून मोजलं तर 15 तालुके. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तालुके 12, हे शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. गट उघडून बघितले तर कुणी करवीर लिहिलेलं, कुणी कोल्हापूर. कुणी भुदरगड, कुणी गारगोटी. कुणी शाहूवाडी, कुणी मलकापूर. माणसाच्या बोलण्यात ते चालतं, गारगोटीचा आहे म्हटलं की भुदरगडचा हे आपल्याला कळतं. ग्रुप बायला कळत नाही, त्याला अक्षरं वेगळी म्हणजे गट वेगळा. तिकडं सहा माणसांची एक ओळ झाली, इकडं तीन तालुक्यांच्या सहा ओळी झाल्या.

दिवाळीचं सांगायचं राहिलं. आण्णांनी आणि मी दोन संध्याकाळी बसून वहीतनं त्या सहा जणांचे दिवस हातानं मोजले. चौघांचे 200 च्या वर होते. 287 आणि 4, डबे 291. आणि 1 जानेवारीपासून नियम केला, दूध घालणाऱ्या प्रत्येकाला कोड, सभासद असो नसो. सभासदत्व हा वेगळा रकाना. बिनसभासदांना 401 पासून पुढं. मावशींना 404 मिळाला. आणि कोडचा रकाना मोकळा सोडता येणारच नाही असं डेटाबेसमध्येच बांधून टाकलं, टेस्टर विसरला तर नोंदच पुढं जात नाही. पहिल्या आठवड्यात त्या पोरानं मला बऱ्याच शिव्या दिल्या असतील.

त्याच सुमारास विंडो फंक्शन वापरायला लागलो, मायएसक्यूएलमध्ये ती 8.0 पासून आली, पोस्टग्रेस ह्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये 2009 पासूनच होती. त्यात गटांच्या प्रत्येक ओळीच्या शेजारी काउंट स्टार ओव्हर आणि मोकळा कंस एवढं लिहिलं की एकूण गट किती हे तिथंच मिळतं, कारण ते ग्रुप बाय आणि हॅविंग उरकल्यावर आणि लिमिटच्या, म्हणजे ठरावीक ओळीच दाखव म्हणायच्या, आधी चालतं. "1 ते 50, एकूण 287" असं पानापानानं दाखवायला फार सोयीचं. फक्त जे पान रिकामं येतं तिथं एकूण पण मिळत नाही, कारण आकडा ठेवायला ओळच नसते. हे मी तेव्हा वाचून नुसतं पुढं गेलो.

मग ऑगस्ट 2019.

पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे आकडे आमच्याकडं पावसाळ्यात लहान पोरांना पण पाठ असतात. त्या वर्षी पाणी कुठल्या कुठं गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद पडला, शहराला वेढा पडला, आमच्या गावातली जनावरं दावणीची सोडून टेकावर नेली. 5 तारखेच्या संध्याकाळनंतर संस्थेत संकलन नाही. कॉम्प्युटर आण्णांनी आदल्या दिवशीच डोक्यावर घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर पोचवला होता, वही पिशवीत घालून स्वतःच्या अंगाशी.

पाणी उतरल्यावर बिल काढायला बसलो. 1 ते 10 तारखेचा रिपोर्ट, तारखेप्रमाणे ग्रुप बाय. पाच ओळी आल्या. 1, 2, 3, 4, 5 आणि खाली एकूण दिवस 5, रोजची सरासरी नेहमीसारखी. कागदावर बघणाऱ्याला वाटावं काही झालंच नाही. ग्रुप बाय जे आहे त्याचाच गट पाडतो. जे घडलं नाही त्याची तो शून्य म्हणून पण ओळ काढत नाही, ती तारीखच नाहीशी होते. नुसता काउंट, बिनग्रुपचा, रिकाम्या टेबलवर चालवला तर निदान 0 असं सांगणारी एक ओळ देतो. ग्रुप बाय लावला की तेवढं पण नाही.

मला ते सहन झालं नाही. त्या पाच दिवसात लोकांनी धारा काढल्या होत्या, म्हशीला पाणी कळत नाही, कास भरली की काढावीच लागते, आणि ते दूध टेकावर वाटून टाकलं होतं, उरलेलं ओतून दिलं होतं. रिपोर्टमध्ये त्या दिवसांची जागा तरी पाहिजे. मी तारखांचं एक वेगळं टेबल केलं, वर्षाच्या सगळ्या तारखा, आणि त्याला संकलनाचं टेबल लेफ्ट जॉईननं जोडलं, म्हणजे तारीख आधी येते, नोंद असो नसो. तिथं पण काउंट स्टार चालत नाही, रिकाम्या तारखेसमोर 1 दाखवतो, कारण तारखेची ओळ तर आहेच. संकलनाच्या बाजूचा रकाना मोजायला लागतो, मी नोंदीचा नंबर मोजला. मग 6 पासून पुढं 0, 0, 0, 0, 0 आले. आण्णांनी तो कागद हातात घेऊन किती तरी वेळ बघितला आणि म्हणाले, "ह्यो ठेव. फाईलला लाव."

13 तारखेला सकाळी संस्था उघडली. भिंतीला छातीपर्यंत चिखलाची रेघ, फरशी धुऊन काढलेली, फॅट मशीन दुसऱ्या गावातनं मागून आणलेलं. मी शहरातनं पोचलो तेव्हा माप संपत आलं होतं. स्क्रीनवर एकूण उत्पादक 38. मी यादी उघडली आणि खाली ओढत गेलो. कोड 404, म्हैस, 1.2 लिटर, फॅट 6.4.